मोबदल्याचं घर

कल्याणात बुटीक म्हणजे ब्लाउज शिवून देणारं दुकान. काचेत दोन बिनडोक्याचे पुतळे, आत फॉल-बीडिंगच्या साड्यांचा ढीग, आणि कधीही गेलं तरी "ताई, परवा नक्की." त्यामुळे भाचीने फोनवर "मावशी, तुम्हा दोघांसाठी आयवालिकला एक बुटीक हॉटेल बघितलंय" असं सांगितलं तेव्हा मला आधी शिवणयंत्राचा आवाजच ऐकू आला. ती स्टुटगार्टला असते. तिच्या ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीचं हे आजोळ. एजियन समुद्राच्या काठावरचं गाव, इझमीरपासून बसने अडीच-तीन तास, सहा खोल्यांचं हॉटेल, जुन्या ग्रीक मोहल्ल्यातलं. फोटोंबरोबर इंग्रजी माहितीही आली. त्यात घराचं वर्णन होतं, 'शंभर वर्षांहून जुनं रम हाऊस'.

"रम हाऊस?" नवरा चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला, "मग विचार कसला करायचा त्यात?"

त्याची निराशा झाली ती इझमीरच्या बसमध्ये. शेजारच्या पोराने सांगितलं की उच्चार रूम असा आहे, आणि रूम म्हणजे तुर्कस्तानातला ग्रीक. शब्द आला रोमवरून. कॉन्स्टँटिनोपलचे लोक स्वतःला रोमनच म्हणवत. साम्राज्य बुडालं, नाव तेवढं लोकांना चिकटून राहिलं. आपल्या जुन्या कागदांत, बखरींत 'रूमशाम' येतं ना, तेच हे रूम. लहानपणी आजी फार लांबच्या गावाला रूमशाम म्हणायची. तिथे आपण तिकीट काढून निघालोय हे तिला सांगायला हवं होतं असं वाटून गेलं.

नोव्हेंबर होता. सीझन संपलेला. अर्ध्या खानावळींना कुलपं आणि गल्ल्यांत माणसांपेक्षा मांजरं जास्त. पण बसमधून उतरताच जो वास आला तो फोटोत नव्हता. ऑलिव्हचे घाणे चालू होते. फळ गाळून उरलेली पेंड वाळवून इथे जळणाला वापरतात, पिरिना म्हणतात तिला, आणि तिचा धूर थोडा करडईच्या घाण्यासारखा, थोडा ओल्या लाकडासारखा, घशाशी किंचित कडवट. मला तो आवडला. नवऱ्याला शिंका आल्या.

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण पुढे ती शिरतच नाही. गल्ल्या समुद्राकडून सरळ वर चढत जातात, दोन्ही बाजूंना घरं खांद्याला खांदा लावून उभी. फरसबंदीचे दगड इतके गुळगुळीत झालेले की बॅगेची चाकं खडखडण्याऐवजी घसरत होती. घरं तोंडाला अरुंद, आत खोल. दोन मजले, खाली तळघरवजा कोठार. दगड गुलाबी. कापलेल्या पेरूच्या गराचा असतो तसा गुलाबी, उन्हात विटून फिका पडलेला. जवळच्या सारिमसाकली भागातून काढलेला हा ज्वालामुखीचा हलका दगड, त्याला सारिमसाक दगड म्हणतात. सारिमसाक म्हणजे लसूण. लसणीचा दगड म्हणून पेरूचा रंग, हे नवऱ्याने मला नंतर तीन वेळा ऐकवलं.

हॉटेलच्या दाराला लोखंडी हाताच्या आकाराची कडी होती, बोटांत गोळा धरलेली. दारावरच्या दगडात १८९१ हा आकडा आणि दोन ग्रीक अक्षरं.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली १८ गृहकर्जाला. माझा स्वभाव त्यात बिघडला असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. लोक घर बघतात तेव्हा उजेड, वारा, स्वयंपाकघराचा ओटा बघतात. मला दिसतो तो सर्च रिपोर्ट. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध आलाय का, मधला एखादा दुवा गायब आहे का, वारसांच्या सह्या पूर्ण आहेत का. त्या दोन अक्षरांकडे बघून मला पहिला प्रश्न पडला तो हाच. कोण हा मनुष्य, आणि त्याने विकलं कुणाला?

विकलं नव्हतं अर्थात. तेवढं मलाही ठाऊक होतं. त्या मोहल्ल्यात कुणीच काही विकलं नव्हतं.

मालकीणबाई अठ्ठावन्नच्या. इझमीरच्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आमचं पाच मिनिटांत जमलं. दोघींनीही आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजलेले. मी पाच वर्षांनी मोठी, हे कळल्यावर त्या मला 'अब्ला' म्हणू लागल्या. अब्ला म्हणजे थोरली बहीण. कल्याणला जर कुणी मला अबला म्हटलं असतं तर! इथे मात्र दिवसातून वीस वेळा ते ऐकून बरं वाटायचं. भाषेचे असे खडे सगळीकडे पायाखाली येत होते. दुकान ते दुक्क्यान, साबण ते साबून, पनीर ते पेयनीर, दुनिया ती दुन्या, चहादाणी ती चायदानलिक. खानावळीत बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे हिशेब. फारसी-अरबीने एकीकडे त्यांच्या घरात आणि एकीकडे आपल्या कचेऱ्यांत एकच सामान टाकून ठेवलंय.

त्यातलाच एक शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बशीत पडला.

त्या सकाळी आम्ही न्याहारीला तासभर उशिरा पोचलो. आदल्या रात्री गच्चीवरून समोर दिवे दिसत होते. ते लेस्बोस बेट, ग्रीस. इतकं जवळ की गाड्यांचे दिवे वळण घेताना कळतात. गच्चीवर फोनने गुपचूप ग्रीक नेटवर्क पकडलं आणि "ग्रीसमध्ये आपले स्वागत" असा संदेश आला. खोलीत आल्यावरही त्याने ते सोडलं नाही. तुर्कस्तानने २०१६ पासून हिवाळ्यात घड्याळ मागे घेणं बंद केलंय, ग्रीस घेतो, त्यामुळे हिवाळ्यात समोरच्या किनाऱ्यावर एक तास कमी वाजलेला असतो. आमचा आठचा गजर नऊला वाजला. भारतीय पासपोर्टवर त्या बेटावर जायला शेंगेन व्हिसा लागतो, तो आमच्याकडे नव्हता. फोन मात्र रात्रभर तिकडे जाऊन आला.

मालकीणबाईंनी न्याहारी झाकून ठेवली होती. ठेचलेले हिरवे ऑलिव्ह, लोर नावाचं ताजं, आपल्या छेन्यासारखं चीज, अंजिराचा मुरंबा, क्विन्स नावाच्या फळाचा मुरंबा. क्विन्सला तुर्कीत आयवा म्हणतात, गावाचं नाव त्यावरूनच, आणि ग्रीक लोक याच गावाला किदोनिये म्हणत, तेही क्विन्सवरून. आपापल्या भाषेत दोघांनी एकाच झाडाकडे बोट दाखवलेलं. मी तो मुरंबा खात सहज विचारलं, तुमचे लोक इथे कसे आले?

"मुबादेले," त्या म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला. मोबदला?

शब्द तोच. अरबीतून तुर्कीत गेला तेव्हा त्याचा अर्थ राहिला अदलाबदल. मराठीत आला आणि भरपाई झाला. आपल्याकडे मोबदला म्हटलं की भूसंपादनाचा. कोयनेपासून समृद्धी महामार्गापर्यंत. मोबदल्याचे चेक घेऊन आलेली माणसं मी काउंटरवर किती पाहिलीत. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला चेक, "बाई, हे सगळं एकदम ठेवू का थोडं थोडं?" इथे मोबदला माणसांचाच झाला होता.

३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने करार केला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. सक्तीने, नको म्हणायची सोय नाही. वगळले ते इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान. सुमारे १२ लाख माणसं तिकडे, साडेतीन ते चार लाख इकडे. कसोटी धर्माची, भाषेची नव्हे. त्यामुळे अनातोलियातले तुर्कीच बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले, आणि क्रीट बेटावरचे ग्रीकच बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले. मालकीणबाईंची आजी ही त्यांपैकी एक. १९२४ साली, नऊ वर्षांची, तुर्कीचा एक शब्द न येता.

खिलाफत चळवळ आपण शाळेत दोन ओळींत उरकली. त्याच वर्षांत इथे हे चालू होतं, हे मला साठी उलटल्यावर न्याहारीच्या टेबलावर कळावं! मग हळूहळू एक आठवत गेलं. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिताना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियातल्या अदलाबदलीचा दाखला दिला होता. अल्पसंख्याकांचा प्रश्न सोडवायचा तर हाही एक मार्ग आहे म्हणून. ते पान मी कधीतरी वाचलं होतं, आकडे म्हणून वाचलं होतं. त्या आकड्यातली एक नात माझ्यासमोर चहा ओतत होती.

आयवालिकचं प्रकरण आणखी वेगळं. हे गाव जवळजवळ पूर्ण ग्रीक होतं, आणि तेही सुलतानाच्या राज्यात. १७७३ च्या सुमाराला इथल्या एका धर्मगुरूने खास फर्मान मिळवून गावाला स्वायत्तता आणली असं सांगतात. तेल आणि साबण जहाजांनी जायचा. १८०३ साली उभ्या राहिलेल्या इथल्या विद्यालयात लेस्बोसचा बेंजामिन गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायचा. १८२१ च्या ग्रीक उठावात गाव जळलं, माणसं पांगली, परत आली, पुन्हा बांधलं. आज दिसणारी बहुतेक घरं त्यानंतरची. मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य उतरलं, सप्टेंबर १९२२ मध्ये हरून गेलं. मग १८ ते ४५ वयाच्या ग्रीक पुरुषांना मजूर-पलटणींत घालून देशाच्या आतल्या भागात नेलं. त्यातले फार थोडे परतले. एलियास वेनेझिस हा पुढे नावारूपाला आलेला ग्रीक लेखक त्यांतला एक, तेव्हा अठरा वर्षांचा. बायका-पोरं बोटींनी समोरच्या बेटावर. म्हणजे लोझानला सह्या झाल्या तेव्हा ही घरं रिकामीच होती. कराराने एवढंच केलं की परत यायचं दार बंद केलं.

हॉटेलच्या माहितीपत्रकात यातलं एक वाक्य नव्हतं. तिथे होतं 'दोन संस्कृतींचा संगम', 'काळ थांबलेल्या गल्ल्या', 'अस्सल रूम घर'. मला या भाषेचा राग येतो. गृहकर्जाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांवरही यायचा. पण मग हेही खरं की मी रोज त्याच जाडजूड भिंतींच्या उबेत, दोन उश्या पाठीशी घेऊन, अगदी सुखाने पडत होते. बेसिनजवळ लॅव्हेंडरच्या वासाचा ऑलिव्हचा साबण, उशाशी पितळी दिवा, खाली नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, आमच्या कल्याणच्या जुन्या घरात होत्या तशाच, तांबड्या-काळ्या. पैसे मी त्या घराच्या जुनेपणाचेच मोजत होते. नवं बांधकाम असतं तर निम्म्यात मिळालं असतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि मालकीणबाईंनी काउंटरच्या खणातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. त्यांच्या पणजोबांचा अर्ज. क्रीटमध्ये काय सोडून आलो त्याची यादी, त्यावरून इथे काय मिळणार ते ठरायचं. अक्षरं अरबी वळणाची. तुर्कीची लिपी १९२८ ला बदलली, त्यामुळे स्वतःच्या घराचा मूळ कागद त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मला हसू आलं, आणि का ते सांगावं लागलं. आमच्याकडे वारसाहक्काच्या फायलींत मोडीतले कागद यायचे. आमचीच भाषा, आणि सगळी शाखा त्या कागदाकडे तोंड उघडून बघायची. मग मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना रिक्षाने आणायचं. "इथेही मास्तरच," त्या म्हणाल्या. गावातल्या एका वयस्कर शिक्षकाने त्यांना तो वाचून दिला होता. ऑलिव्हची ६० झाडं, दोन खोल्यांचं घर, एका विहिरीत हिस्सा, एक गाढव. गाढवाचा मोबदला मिळाला नाही.

"मग दोन खोल्यांवर हे दुमजली?" माझ्यातली बँकवाली बोललीच.

त्या खांदे उडवून हसल्या. वाटपाला आलेल्यांनी काय मोजलं कुणास ठाऊक. पण फार मोठं घबाड मिळालं असं समजू नका, अब्ला. सप्टेंबर २२ मध्ये घर सुटलं आणि ही माणसं आली २४ मध्ये. मधल्या दिवसांत वरच्या मजल्याच्या खिडक्या, चौकटींसकट, कुणीतरी जळणाला नेल्या होत्या. पहिला हिवाळा सगळे खालच्या कोठारात राहिले. मी मनात जे रंगवलं होतं, म्हणजे परक्याचं ताट-वाटी, परक्याची चादर, भिंतीवर राहिलेला फोटो, त्यातलं काहीच नव्हतं. खिळेही उपटून नेलेले.

कागदोपत्री बघायचं तर दुवे असे लागतात. दोन अक्षरांचा माणूस, १८९१. मग 'एम्वाल-इ मेत्रूके', सोडून गेलेल्यांची मालमत्ता, सरकारजमा. मग पणजोबा. मग आजी, वडील, त्या. पहिल्या आणि दुसऱ्या दुव्यामध्ये सही नाही. करारात दोन्हीकडच्या लोकांच्या मालमत्तेचं मोल ठरवायला मिश्र आयोग नेमायचा होता, तो नेमलाही. मोजता मोजता वर्षं गेली. शेवटी १० जून १९३० ला अंकाऱ्यात दोन्ही सरकारांनी आपापसात हिशेब मिटवून टाकला. इकडे राहिलेलं इकडच्या सरकारचं, तिकडे राहिलेलं तिकडच्या. दोन अक्षरांच्या माणसाच्या पोराबाळांना या घराचं काय मिळालं असेल, तर तिकडे कुणा मुसलमानाचं रिकामं घर, किंवा तेही नाही. मी असा सर्च रिपोर्ट आला असता तर कर्ज नामंजूर केलं असतं. मग साऱ्या गावालाच कुणी कर्ज दिलं नसतं, आणि आमच्या उल्हासनगरच्या अर्ध्या कॅम्पालाही.

आमच्या जिन्यात सिंधी काकी राहायच्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या. त्या छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं. त्यांना हैदराबाद सिंधबद्दल विचारलं तर त्या कधी घराबद्दल बोलायच्या नाहीत. छपरावरच्या मंघाबद्दल बोलायच्या. वारा पकडून खाली खोलीत सोडणारं ते धुराड्यासारखं बांधकाम. "इकडे वारा येतो तो खिडकीतून, चोरासारखा," असं म्हणायच्या. मालकीणबाईंची आजी म्हणे वाऱ्याबद्दलच कुरकुरायची. आयवालिकच्या गल्ल्या समुद्राकडून सरळ वर, त्यामुळे वारा दारात धडकतो. क्रीटच्या गावात तो वळण घेऊन यायचा.

आजी शेवटपर्यंत स्वयंपाकघरात ग्रीकच बोलली. बाहेर नाही. १९२८ पासून 'नागरिका, तुर्की बोल' अशी मोहीम चालली होती, आणि क्रीटहून आलेल्यांना तसंही 'यारिम ग्यावूर', अर्धे काफर म्हणत. तिकडे ग्रीसला पोचलेल्यांना तिथले लोक 'तुर्कांची बी' म्हणत होते, ते वेगळंच. गुरुवारी इथे मोठा बाजार भरतो, त्यात खेड्यांतल्या बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात. आजी त्यांना खुणेने भाव विचारायची. पण भाज्या ओळखायच्या त्या क्रीटवाल्यांनीच. इतर म्हणत, हे लोक आले आणि गाईंना चारा उरला नाही. आज त्याच पाल्याच्या छोट्या बश्या समुद्राकाठच्या खानावळींत चढ्या भावाने मिळतात. मालकीणबाईंनी आम्हाला त्यातलाच रादिका नावाचा पाला उकडून, वर तेल आणि लिंबू पिळून दिला. आपल्या माठापेक्षा कडू, घोळीपेक्षा करकरीत. नवऱ्याने भाकरी आहे का विचारलं.

बाकीचं जे बघायचं ते आम्ही बघितलं. जुंदा बेटावर गेलो, पूल आहे आता. तिथलं तॅक्सियार्हिस चर्च दुरुस्त करून २०१४ पासून संग्रहालय केलंय, आत जुनी खेळणी आणि यंत्रं. चांगलं आहे, पण अशा जागी खेळण्यातल्या आगगाड्या बघत फिरताना मला उगाच चोरट्यासारखं वाटलं. 'सैतानाचं जेवणाचं मेज' नावाच्या टेकडीवरून सूर्यास्त बघितला, सगळेच बघतात. टोस्ट खाल्ला, तो फार मोठा असतो. तेलाच्या कारखान्यांची विटांची धुराडी मात्र मला चर्चांपेक्षा आवडली. गावात जिथे तिथे ती उभी आहेत, काहींवर पाणकावळे. हा सगळा कारखानी परिसर २०१७ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे.

मशिदीत मात्र मी दोनदा गेले. साआतली जामी, घड्याळाची मशीद. मुळात सेंट जॉनचं चर्च. घंटेच्या मनोऱ्यातल्या घड्याळावरून नाव पडलं. चर्चचं तोंड पूर्वेला असतं, इथून मक्का आग्नेयेला. त्यामुळे आत शिरलं की खांब एकीकडे ओढतात आणि नमाजाची दिशा दुसरीकडे. झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याने मला डोकं झाकायला रुमाल दिला, बसायला जागा दाखवली आणि आपल्या कामाला लागला. त्याला त्या तिरकेपणाचं काहीच नव्हतं. त्याचा झाडू बाहेरच्या दाराच्या दिशेने चालला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लाइट गेले. मालकीणबाईंनी स्टोव्हजवळ खुर्च्या ओढल्या, चायदानलिक वर ठेवली, आणि कधी ना कधी ऐकायला मिळणार असं मला वाटत होतं ती गोष्ट आपण होऊन सांगितली. तिकडची माणसं कधी येतात का? येतात. उन्हाळ्यात जास्त. समोरच्या बेटावरच्या मितिलिनीहून बोट आहे, सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं. नातवंडं, पतवंडं हातात कागद घेऊन गल्ल्या मोजत फिरतात. बहुतेकांना नक्की घर सापडत नाही. नंबर बदलले, रस्त्यांची नावं बदलली. मग ज्या घराचं दार उघडं दिसेल तिथे फोटो काढून जातात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक बाई आल्या, मुलाबरोबर, पंच्याहत्तरीच्या तरी असतील. त्यांच्याजवळ कागद नव्हता. आईने सांगितलेलं होतं फक्त. कारंजाच्या कोपऱ्यापासून वर चौथं दार, दारावर बाबांची अक्षरं, आणि खाली कोठारात जमिनीत पुरलेले तेलाचे तीन रांजण. त्यांतल्या मधल्या रांजणात ती लहानपणी पडली होती, तेल होतं तळाशी, ओढून काढताना हातातून सुटत होती. घरात सगळे हसत सुटले होते म्हणे.

"अक्षरं जुळली?" मी विचारलं.

एक जुळलं. दुसऱ्याबद्दल त्या बाईंची खात्री होईना. आणि दारं मोजली तर हे पाचवं. पण मध्ये एक घर पाडून दोन केल्यासारखं दिसतं, तेव्हा चौथं असूही शकेल. म्हणून सगळे कोठारात उतरले. रांजण दोन.

"पुन्हा पुन्हा मोजत होत्या," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन मोजायला वेळ लागतो का, अब्ला? पण मोजत होत्या. मुलगा म्हणाला, आई, चल, हे नसेल. शेजारचं असेल. शेजारचं इस्तंबूलवाल्यांनी घेतलंय, ते जुलैशिवाय उघडत नाहीत."

मग?

मग मालकीणबाईंनी सांगितलं की तिसरा होता. हॉटेल करताना चार नंबरच्या खोलीला न्हाणीघर काढलं, नळ-पाइप टाकायला जागा हवी होती, तेव्हा गवंड्याने मधला रांजण भरून वर फरशी केली. बाई ते ऐकून चार नंबरमध्ये गेल्या. न्हाणीघराचं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने आल्या, चहा प्यायल्या, चारची बोट होती.

"खरंच होता तिसरा?"

मालकीणबाईंनी स्टोव्हचं दार उघडून आत दोन फाटे सारले. कामाच्या वेळी मी इझमीरला होते, म्हणाल्या, बँकेची नोकरी, शनिवार-रविवारच यायचे. गवंडी गेला वारून. मग त्यांनी माझ्या रिकाम्या पेल्यात चहा ओतला, आधी काळा अर्क, वर पाणी, आणि उद्याच्या बसची वेळ विचारली.

लाइट आले तेव्हा नवरा आधीच झोपला होता. चार नंबरची खोली आमचीच. मी न्हाणीघरात गेले, दार लावून घेतलं, चपला काढल्या, आणि बेसिनपासून भिंतीपर्यंत एकेक लादी टाचेने ठोकून पाहिली.